लहान मुलांस विविध अन्नाची गोडी कशी लावावी?

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहून द्यावे, असे चालक मंडळींनी कळविले, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस फार दूर जावे लागले नाही. हळदीकुंकू असो, बारसे असो की लग्नाचा मांडव असो, चार आया एकत्र बसल्या की एक वाक्य हमखास कानी पडते : “आमचं लेकरू काही खातच नाही हो!” कोणाचे मूल दुधावाचून दुसरे काही घेत नाही, कोणाचे नुसता भात खाते, कोणाचे बिस्किटाचा पुडा दिसल्याशिवाय तोंड उघडत नाही. ऐकणाऱ्या बायका हसतात, एखादी उपाय सांगते, आणि विषय तेथेच संपतो. पण ज्या घरात हे रोज चालते, त्या घरातील जेवणाची वेळ ही भांडणाची वेळ होऊन बसते, हे आम्ही स्वतः अनुभविले आहे.

आम्ही वैद्य नव्हे. आम्ही उभयतांनी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकविले. दुसऱ्यांच्या मुलांना वळण लावण्यात वर्षे गेली, आणि घरच्या अडीच वर्षांच्या नातीस वरणभाताचा घास भरविताना मात्र आमची हार झाली. त्या हारीतून जे शिकलो ते, आणि जाणत्या माणसांकडून व पुस्तकांतून जे कळले ते, येथे क्रमाने मांडीत आहोत.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या नातीचे उष्टावण सहा महिने पूर्ण झाल्यावर थाटाने झाले. मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटविली. पुढे वर्षाची होईपर्यंत ती मऊ खिचडी, वरण, कुस्करलेले केळे असे सर्व काही खात होती. दीड वर्षाच्या सुमारास एकेक पदार्थ गळू लागला. प्रथम भाजी गेली, मग वरण गेले, मग भाकर गेली. दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्या आहारात पाचच जिनसा उरल्या : दूध, बिस्किट, साखर घातलेला दहीभात, बटाटा आणि दुकानातील पिवळ्या कुरकुरीत नळ्यांची पाकिटे. दूध मात्र ती दिवसातून लिटरभर पीत असे. “जेवत नाही ना, मग दूध तरी पोटात जाऊ दे,” असे आम्हीच म्हणत होतो.

एके दिवशी ती भिंतीचा पोपडा काढून चघळताना सापडली. रागावलो, तोंड धुतले. दुसऱ्या दिवशी अंगणातली माती खाताना दिसली. चेहरा फिका, खेळता खेळता मध्येच बसून राहणे, रात्री चिडचिड. शेवटी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या उलटून पाहिल्या, रक्त तपासले. या वयाच्या मुलांचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅम तरी असावे, ते तिचे ९ च्याही खाली होते. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “दूध किती देता?” आम्ही अभिमानाने लिटरभर सांगितले. ते म्हणाले, “तिचे पोट दुधाने भरते, म्हणून तिला भूक नाही. भूक नाही म्हणून ती जेवत नाही. दुधात लोह जवळजवळ नाहीच. ही मुलगी भरल्या पोटी उपाशी आहे.”

हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. माती खाणे हा हट्ट नसून बहुधा रक्तातील लोहाच्या कमतरतेची खूण असते, हेही त्याच दिवशी कळले. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले, दूध अर्ध्या लिटरवर आणावयास सांगितले आणि म्हणाले, “औषध तीन महिने पुरेल. त्यापुढे काय, ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे.”

एकाच अन्नावर राहण्याचा धोका

एकसुरी आहाराचे दुष्परिणाम काय होतात, याचा मोठा धडा आपल्याच दख्खनच्या पठाराने जगाला दिला आहे. आहारशास्त्राचे संशोधन करणारी जी प्रयोगशाळा १९१८ साली कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या कामातून सुरू झाली, ती १९५८ साली हैदराबादला आली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. तेथील डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांचे पोट जवळजवळ केवळ ज्वारीवर चाले, अशा गरीब मजुरांत ‘पेलाग्रा’ नावाचा रोग दिसत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावरची कातडी काळवंडते व सोलते, हगवण लागते, मनही थाऱ्यावर राहत नाही. ज्वारीत ल्युसीन हे द्रव्य अधिक असल्याने हे घडत असावे, असे त्यांनी मांडले.

यावरून ज्वारी वाईट असा अर्थ कोणी काढू नये. तीच ज्वारी डाळ, भाजी, ताक यांच्या संगतीत उत्तम अन्न आहे. तीच एकटी पडली की अपुरी. दुधाचेही तसेच, भाताचेही तसेच. दोष अन्नाचा नसतो, एकटेपणाचा असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सहा महिने ते दोन वर्षे या वयाच्या बालकांसाठी असा दंडक सांगते की, अन्नाचे आठ गट मानावेत : अंगावरचे दूध, धान्य व कंद, डाळी-दाणे, दूधदुभते, मांसमासळी, अंडी, पिवळी-हिरवी फळे व भाज्या आणि इतर फळे व भाज्या. यांपैकी रोज किमान पाच गट बालकाच्या पोटात जावेत. आमची नात मोठी असली तरी आम्ही हाच हिशोब तिला लावला. अंगावरचे दूध सुटलेले. उरलेल्या सातांपैकी तिचे जेमतेम दोन भरत होते.

मग आम्ही घरातल्या मोठ्यांचा हिशोब मांडला, आणि तेथे लाज वाटण्याची पाळी आली. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री पुन्हा भात, तोंडी लावायला बटाटा किंवा वांगे. आमच्या लहानपणी नेरडीगोंड्याच्या शिवारात ज्वारी असे, ज्वारीत मूग, उडीद, बरबटी, अंबाडी, तीळ असे सारे असे. आता बहुतेक रानात कापूस आणि सोयाबीन. घरात रेशनचा तांदूळ. म्हणजे ताट प्रथम आमचे अरुंद झाले, आणि मुलीने त्यातले आणखी दोन पदार्थ कमी केले, इतकेच.

मूल नवे अन्न का नाकारते?

हा प्रश्न नीट समजला की अर्धा राग निघून जातो. पहिले कारण वाढीचे आहे. जन्मतः तीन किलोच्या आसपास असलेले मूल वर्षाचे होईतो तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचे वजन अवघे दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आई मात्र पहिल्या वर्षीची भूक मनात धरून बसते, आणि मूल खात नाही म्हणून रडते.

दुसरे कारण सावधपणाचे. चालू लागलेले मूल आईपासून दूर जाते, हाती लागेल ते तोंडात घालते. अशा वयात अनोळखी वस्तू खाण्याची भीती वाटणे ही निसर्गाने दिलेली राखणच म्हणावी लागेल. दोन ते सहा वर्षे या काळात ही भीती अधिक असते आणि पुढे आपोआप कमी होते. कडू आणि आंबट चवींना मूल अधिक दचकते, गोड चवीला लगेच हात पुढे करते. हे जगभरच्या मुलांत सारखेच आहे.

तिसरे कारण सवयीचे, आणि हे आपल्या हातातले आहे. चवीची ओळख मूल जन्मण्याच्याही आधी सुरू होते. २००१ साली अमेरिकेतील ज्युली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ज्या मातांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेली पेज कमी कुरकुरीने स्वीकारली. आईने जे खाल्ले त्याची चव बाळाला आधीच ठाऊक असते. म्हणून गरोदर सुनेस व लेकीस “हे नको, ते नको” असे सांगून केवळ चार पदार्थांवर ठेवण्याची रीत घरोघरी आहे, तिचा पुन्हा विचार व्हावा.

आमच्या चुका

आम्ही केलेल्या चुका येथे लपवून ठेवीत नाही, कारण त्या बहुतेक घरांत होत असाव्यात.

पहिली चूक म्हणजे वाटी घेऊन मुलीच्या मागे फिरणे. ती ओसरीवर तर आम्ही ओसरीवर, ती अंगणात तर आम्ही अंगणात. शेतावर कामाला येणाऱ्या एका वयस्क बाईंनी हे पाहिले आणि त्या म्हणाल्या, “बाई, घास घेऊन लेकराच्या मागं पळू नका. भूक लेकराच्या मागं लागू द्या.” तेव्हा आम्हांस ते बोलणे थोडे लागले; पुढे पटले.

दुसरी चूक मोबाईलची. चित्रे लावून दिली की तोंड उघडते, घास जातो. पण काय खाल्ले, केव्हा पोट भरले, हे त्या मुलीस कळतच नव्हते. जेवण ही आपण करावयाची गोष्ट नसून आपल्यावर होणारी गोष्ट आहे, असेच ती शिकत होती.

तिसरी चूक लाच देण्याची. “दोन घास वरणभात खा, मग बिस्किट देते.” वरवर हे शहाणपणाचे वाटते. पण लीन बर्च या संशोधिकेने १९८४ साली एक प्रयोग केला. एक नवे पेय पिण्यासाठी काही मुलांस बक्षीस दिले, काहींस दिले नाही. बक्षीस मिळालेल्या मुलांस ते पेय पुढे कमी आवडू लागले. मूल मनाशी हिशोब करते : ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असली पाहिजे, आणि जी लाच म्हणून मिळते तीच खरी चांगली.

चौथी चूक पाहुण्यांसमोर “ही काहीच खात नाही” असे तिच्यादेखत सांगण्याची. मुलगी ते ऐकते आणि आपल्या नावाला जपते.

पाचवी चूक चहाची. सकाळी आमच्या बशीतला चहा तिला मिळे. चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, आणि त्या सोबतचे बिस्किट सकाळची भूक मारते. तो चहा त्याच आठवड्यात बंद केला.

कामाची वाटणी

मग करावे काय? एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात एक सोपी वाटणी सांगितली, तिचा आम्हांस सर्वांत अधिक उपयोग झाला. काय वाढावयाचे, केव्हा वाढावयाचे आणि कोठे बसून जेवावयाचे, हे मोठ्यांनी ठरवावे. खावयाचे की नाही आणि किती खावयाचे, हे मुलाने ठरवावे. मोठ्यांनी मुलाच्या कामात हात घालू नये, आणि आपले काम मुलावर सोपवू नये. “आज काय करू तुला?” असे अडीच वर्षांच्या मुलीस विचारणे म्हणजे आपले काम तिच्यावर सोपविणे. “एवढे संपव,” म्हणून दरडावणे म्हणजे तिचे काम आपण बळकावणे.

मूल स्वतः ठरवील तर उपाशी राहील, ही भीती आम्हांसही होती. त्याबाबत डॉ. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंचा प्रयोग प्रसिद्ध आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी नुकतीच अन्नाकडे वळलेली मुले, एकूण पंधरा, आपल्या देखरेखीखाली ठेवली. समोर तीसहून अधिक पदार्थांतील निवडक पदार्थ मांडावयाचे, दाईने काही सुचवावयाचे नाही, मूल ज्याकडे बोट दाखवील तेच द्यावयाचे. एकेका जेवणात मुलांनी विचित्र निवड केली, पण काही महिन्यांचा हिशोब पाहता सर्व मुले धडधाकट वाढली. एका मुलास मुडदूस होता. त्याच्यासमोर माशाच्या तेलाचा पेला ठेवला जाई. हाडे बरी होईपर्यंत ते तेल त्याने आपण होऊन घेतले, असे त्यांनी नमूद केले आहे. मात्र याची किल्लीही त्यांनीच सांगून ठेवली : समोर मांडलेले सर्व पदार्थ सकस व साधे होते, त्यांत साखर नव्हती, मिठाई नव्हती. म्हणजे मुलाची निवड शहाणी ठरण्यासाठी मोठ्यांची यादी आधी शहाणी असावी लागते. आमच्या यादीत बिस्किट व पाकिटे होती. मग दोष निवडणारीचा कसा?

आम्ही घरात असे ठरविले. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, चार वाजता काही खाणे आणि रात्रीचे जेवण, एवढ्याच वेळा. मध्ये फक्त पाणी. दूध जेवणानंतर, दिवसाकाठी दोन पेले, बाटलीने नव्हे. सर्वांनी एकत्र, जमिनीवर पाट मांडून बसावयाचे. वीस मिनिटांनी ताट शांतपणे उचलावयाचे. प्रत्येक ताटात तिला आवडणारा एक तरी पदार्थ असावयाचा, आणि नवा पदार्थ एक चमचाभरच. या वयास एका पदार्थाचा वर्षामागे एक मोठा चमचा हे प्रमाण पुरे असते. आपण मोठ्यांच्या मुठीने वाढतो आणि ताट पाहूनच मूल दडपून जाते.

पहिले चार दिवस कठीण गेले. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी येई. “आत्याबाई, पोर उपाशी झोपली,” असे त्या म्हणत, आणि आमचाही धीर सुटे. पाचव्या दिवशी सकाळी नातीने आपण होऊन भाकरीचा पापुद्रा उचलला आणि दह्यात बुडवून खाल्ला. कोणी टाळी वाजविली नाही, कोणी “शाब्बास” म्हटले नाही. तसे आम्ही ठरवूनच ठेवले होते. सूनबाई तेवढ्या उठून चुलीपाशी गेल्या.

पुन्हा पुन्हा ओळख

मुलाने एखादा पदार्थ दोनदा नाकारला की आपण “तिला तो आवडत नाही” असा निकाल देऊन मोकळे होतो. वस्तुतः खटला तेथे सुरू होतो. बर्च यांच्याच १९८० च्या दशकातील प्रयोगांत असे दिसले की, दोन वर्षांच्या मुलांनी नवा पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला, तितकी त्याची आवड वाढत गेली. नुसते पाहून भागत नाही, जिभेला लागावे लागते. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही. आपण मात्र तिसऱ्या वेळीच थांबतो.

आम्ही एक वही घातली. त्यातील अंबाडीच्या भाजीची नोंद येथे उतरवून देतो. भाजी आपल्याकडे करतात तशीच, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी; तिखट मात्र तिच्यापुरते आधी काढून घेतलेले.

पहिली वेळ : पाहिले, ताट ढकलले.
दुसरी वेळ : तसेच.
तिसरी वेळ : बोट लावले, बोट फ्रॉकला पुसले.
पाचवी वेळ : जिभेला लावून थुंकली. कोणी काही बोलले नाही.
सहावी वेळ : आजोबांच्या ताटातली मागितली, आपल्या ताटातली नाही.
आठवी वेळ : भाकरीबरोबर एक घास. “आंबट!” असे म्हणाली.
अकरावी वेळ : संपवून पुन्हा वाढावयास सांगितली.

अकरा वेळांस साधारण पाच आठवडे लागले. थुंकणे हाही ओळखीचा एक टप्पा आहे, असे आता आम्ही मानतो. ज्या दिवशी थुंकली त्या दिवशी रागावलो असतो, तर वही तेथेच मिटली असती.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नव्या पदार्थास जुन्या मित्राची सोबत लागते. बटाटा तिचा आवडता. त्यात आधी थोडी मेथी, मग अधिक मेथी. दहीभातातली साखर चिमटीचिमटीने कमी करीत नाहीशी केली आणि त्यात किसलेली काकडी आली. मात्र पदार्थ लपवून, फसवून भरवू नये. एकदा फसवणूक कळली की मूल आवडत्या पदार्थाकडेही संशयाने पाहू लागते.

आपल्या शिवारातील पदार्थ

महागड्या डब्यांतील भुकटी आणावी लागते, असा कित्येकांचा समज आहे. आम्ही बारा महिन्यांचा कागद करून भिंतीस लावला, तेव्हा आपल्या मुलुखाची श्रीमंती आमच्या लक्षात आली. मृगाचा पाऊस पडला की बांधावर तरोटा उगवतो. कोवळ्या पाल्याची भाजी होते. श्रावणाच्या सुमारास कुंतला धबधब्याकडच्या रानातून कटुर्ली बाजारात येतात. पुढे वाळके, दोडके, बरबटीच्या शेंगा. दिवाळीच्या आसपास सीताफळ. थंडीत हुरडा, तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, बोरे, आवळे. उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा, कैरी, चारे, टेंभरे. वर्षभर तीळ, जवस, शेंगदाणे यांच्या चटण्या. पालेभाजीवर लिंबू पिळले किंवा सोबत आवळा, कैरी दिली की तीतील लोह अधिक अंगी लागते. लोखंडी कढई-तव्याचाही उपयोग होतो. ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडे व मासळी अवश्य द्यावी.

आपल्या सणांनी तर ही शिकवण आधीच देऊन ठेवली आहे. पाडव्याला कडुलिंब आणि गूळ एकत्र. त्याच दिवशी शेजारच्या तेलुगू घरात उगादीची पचडी होते, तीत गोड, आंबट, खारट, तिखट, तुरट व कडू अशा सहाही चवी. भोगीला तीळ लावलेली भाकर आणि अनेक भाज्यांची मिळून एक भाजी. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यास सोळा भाज्या. देवापुढे सोळा भाज्या मांडणाऱ्या घरात वर्षभर मुलापुढे दोनच असाव्यात, हे काही बरे नव्हे. १९५६ साली राज्ये बदलली, २०१४ साली पुन्हा बदलली; आपल्या जिभेवर मराठी राहिली आणि शेजारची तेलुगू व गोंडीही कानी राहिली. मग ताटातच तेवढी सोवळीक कशाला? नातीने टोमॅटोचे पप्पू प्रथम शेजारच्या घरी, त्यांच्या मुलीशेजारी बसून खाल्ले. मूल मुलाकडे पाहून खाते. अंगणवाडीची पंगत या कामी मोठी उपयोगी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची ही अंगणवाडी केवळ खाऊ वाटण्याची जागा समजू नये. आमच्या नातीने अंडे प्रथम तेथेच खाल्ले.

मुलाचे हात कामाला लावावेत

‘अंगणवाडी’ हा शब्द ज्यांच्या कार्यातून रूढ झाला, त्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्यासह ते काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी महाग साधनांऐवजी त्यांनी बिया, शिंपले, पाने, खडे यांवर मुलांस शिकविले. शिक्षक म्हणून ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती; स्वयंपाकघरात ती लागू पडेल हे मात्र उशिरा सुचले. आम्ही नातीपुढे तुरीच्या शेंगा ठेवल्या. तिने सोलल्या, मोजल्या, दोन-चार तोंडात टाकल्या. कोथिंबीर निवडणे, पिठाचा गोळा थापणे, बाजारात एक भाजी स्वतः निवडून पिशवीत टाकणे, ही कामे तिची झाली. स्वतः थापलेली वेडीवाकडी भाकर मूल टाकीत नाही.

सावधगिरी

काही गोष्टी मात्र घरगुती उपायांवर सोडू नयेत. मुलाचे वजन वाढत नाही किंवा घटते, गिळताना ठसका लागतो, घट्ट अन्न मुळीच चालत नाही, ते माती-पोपडे खाते, फिके दिसते, किंवा एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी उठतात, तर डॉक्टरांस दाखवावे. काही मुलांस स्पर्श, वास, रंग यांचाच विलक्षण त्रास होतो व आहार दोन-चार पदार्थांपलीकडे जातच नाही. त्यांस हट्टी न म्हणता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जंतांचे औषध अंगणवाडीत मिळते, ते चुकवू नये. पाच वर्षांखालील मुलांस अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बी असलेली बोरे व सीताफळ तसेच देऊ नये. श्वासनळीत अडकून जीव जातो. दाणे कुटून, फळ बिया काढून द्यावे. मूल खाताना बसलेले असावे, पळत नसावे.

शेवटी

आठ महिन्यांनी वही मोजली. पाच जिनसांच्या सव्वीस झाल्या होत्या. रक्तही सुधारले, त्याचे श्रेय आधी औषधास आणि मग ताटास. माती खाणे थांबले. कारले ती अजून खात नाही, आणि आम्हांपैकी एकजणही खात नाही, हे तिने पंगतीत सर्वांदेखत सांगून टाकले. आजारी पडली की ती पुन्हा दहीभातावर येते. मग आम्ही पुन्हा चमचाभरापासून आरंभ करतो.

मुलांचे ताट मोठे करावयाचे असेल तर आधी घराचे ताट मोठे करावे लागते, एवढेच आमच्या वहीचे सार आहे. संस्थेच्या सभासद कुटुंबांतील माता-भगिनींस आमची विनंती आहे की, उद्यापासून आपल्या घरच्या लेकराची अशी एक वही घालावी. एक पदार्थ निवडावा, चमचाभर वाढावा, रागावू नये, आणि अकराव्या वेळेपर्यंत धीर धरावा. संस्थेच्या पुढच्या महोत्सवाच्या पंगतीत आजची ही लेकरे आपल्या हाताने वाढतील, तेव्हा त्यांच्या हातून भाजीची वाटी वगळली जाणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.